‘युनियन नाही तिथे प्लांट नेऊ’ असं कंपनी म्हणते तेव्हा: रबाळ्याच्या एका कामगाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, १८० कायम कामगार, दोनशेच्या आसपास कंत्राटी. करार मार्चमध्ये संपला, युनियननं मागणीपत्र दिलं आणि चौथ्या बैठकीत साहेबांनी सांगितलं की गुजरातमध्ये नवा प्लांट उभा राहतोय, तिथे युनियन नाही, तुम्ही असंच ताणून धरलंत तर अख्खं प्रेस शॉप (पत्रा दाबून सुटे भाग काढणारा विभाग) तिकडे जाईल. कंपनीला असं करता येतं का, युनियन ते अडवू शकते का, संप करावा का, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ स्वतःबद्दल आहे: वय ४६, नोकरी २२ वर्षं, मुलगी दहावीला, आणि बदलीचं पत्र हातात पडलं तर काय करायचं?

मी ठाण्यात २७ वर्षं कामगारांच्या बाजूनं वकिली करते. वागळे इस्टेटपासून दिघा, रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या कमिट्या माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: ‘मॅडम, मशिनी हलवायला लागलेत.’ तुम्ही त्याच्या आधी आलात. या सगळ्या भांडणात याच्याइतकं मोलाचं काही नाही, म्हणून उत्तर जरा मोठं लिहिते.

आधी कटू भाग. नवा कारखाना कुठे काढायचा हे मालकानं ठरवायचं असतं. साणंदला काढा, सिल्वासाला काढा, बद्दीला काढा, कुठलंही न्यायालय त्याला ‘तिथे काढू नकोस’ म्हणणार नाही. धंद्याची फेररचना प्रामाणिकपणे केली असेल तर न्यायालयं त्यात हात घालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालय पन्नासच्या दशकापासून सांगत आलंय. ‘नवा प्लांट रद्द करा’ अशी मागणी घेऊन तुम्ही गेटवर बसलात तर वर्षभर बसाल आणि हाती काही लागणार नाही. मी अशी दोन आंदोलनं जवळून पाहिली आहेत. माणसं चांगली होती, जिद्द होती, मागणी चुकीची होती.

तुमचं भांडण जागेशी नाही. ते रबाळ्यातल्या कामाशी आणि ते काम करणाऱ्या माणसांशी आहे. कायदाही तिथेच बोलतो. नोकरीच्या शर्तींत बदल करण्याआधी मालकानं २१ दिवसांची नोटीस द्यायची असते. कुठल्या बदलांसाठी द्यायची, त्याची यादी आहे. पूर्वी ती औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होती, आता औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्या यादीत ‘कारखान्याची जागा’ असं काही सापडणार नाही. पण एखाद्या विभागातल्या, प्रक्रियेतल्या किंवा पाळीतल्या माणसांची संख्या कमी करणं सापडेल, आणि ज्यानं छाटणी (कामगार कपात) होण्याचा संभव आहे अशी यंत्रांची वा पद्धतीची फेररचनाही सापडेल. प्रेस शॉप गुजरातला गेलं की रबाळ्याच्या प्रेस शॉपमधली माणसं कमी होणारच. तुमचा आक्षेप तिथे बसतो. कारखान्याचा एखादा भाग कायमचा बंद करणं हेही कायद्याच्या व्याख्येत ‘क्लोजर’च, म्हणजे कारखाना बंद करणंच आहे. ‘आम्ही कंपनी बंद करत नाही, फक्त एक शॉप हलवतोय’ असं एचआरवाले सांगतील. तेव्हा त्यांना विचारा, मग या शॉपची क्लोजरची नोटीस कुठे आहे?

आता नवा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, वरची औद्योगिक संबंध संहिता त्यातलीच एक. तुमच्या प्रकरणात त्यातला एक आकडा सगळ्यात जास्त बोचणार आहे. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला छाटणी वा क्लोजरसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागायची. आता तो आकडा ३०० झाला. कंपनी तुमचे १८० मोजेल आणि म्हणेल, आम्हाला परवानगी लागतच नाही. कायम कामगारांपुरतं ते खरं दिसतं. पण तुमच्याकडे दोनशे कंत्राटी आहेत. ते प्रेसवरच उभे असतात का? तुमच्याच सुपरवायझरच्या हुकमानं काम करतात का? त्यांची रजा ठेकेदार मंजूर करतो की शिफ्ट इन्चार्ज? ठेका नुसता कागदावरचा आहे असं दाखवता आलं तर ते कामगार कंपनीचेच ठरतात आणि आकडा ३८० होतो. हा वाद सोपा नाही, वर्षानुवर्षं चालतो. पण तो मांडायचा असेल तर पुरावा आजचा लागतो: हजेरीचे फोटो, शिफ्टचे चार्ट, सुपरवायझरनं व्हॉट्सअॅपवर टाकलेली कामाची वाटणी. इतकी वर्षं कंत्राटी पोरांना युनियनच्या बाहेर ठेवलं असेल, तर ती चूक सुधारायची वेळ हीच. हे मी कमिट्यांना कडक शब्दांत सांगते, तुम्हालाही सांगते. त्यांची रोजी आधी जाईल, पाठोपाठ तुमची.

परवानगी लागली नाही तरी कंपनी मोकळी सुटत नाही. ५० किंवा अधिक कामगार असले की क्लोजरआधी ६० दिवसांची नोटीस लागतेच. छाटणी असेल तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. याशिवाय छाटणी झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत. हा सगळा हिशेब तुमच्यापुरता करून पाहा. महिना ३०,००० धरला तर १५ दिवसांचे १५,०००, आणि २२ वर्षांचे ३,३०,०००. ग्रॅच्युइटी वेगळी. २२ वर्षं प्रेसच्या आवाजात कान गेले, त्याचे सव्वातीन लाख. ज्या प्लॉटवर तुमचा कारखाना उभा आहे त्याची आजची किंमत त्या शेजारी मांडा, म्हणजे वाटाघाटीत कुठल्या आकड्यापासून सुरुवात करायची ते कळेल.

हा प्लॉटचा मुद्दा मुद्दाम काढला. ‘युनियनमुळे ठाण्यातले कारखाने गेले’ हे वाक्य आपण इतकी वर्षं ऐकलंय की कामगारांची पोरंही ते खरं मानून चालतात. एमआयडीसी सुरू झाली १९६२ मध्ये, वागळे इस्टेटपासून. त्यानंतर लवकरच, १९६४ पासून, राज्यानं उद्योगांना मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जाण्यासाठी सवलतींची योजना आणली, म्हणजे जाण्याचं बक्षीस सरकारनंच ठेवलं होतं. दादरा-नगर हवेलीत विक्रीकराची सूट मिळाली. २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला दहा वर्षांची उत्पादन शुल्काची माफी मिळाली, आणि आपल्या पट्ट्यातल्या औषध कंपन्यांची पॅकिंगची कामं तिकडे गेली. इथे जमिनीचे भाव चढले, ऐरोली-घणसोलीत आयटी पार्क आले, वागळेत शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ज्या कारखान्यांत युनियनचा बोर्डही कधी लागला नाही तेही गेले. युनियन हे कारणांपैकी एक कारण असतं, कधी मोठं, कधी नुसतं सांगायचं. तुमच्या बाबतीत नेमकं काय आहे ते शोधून काढा, कारण उपाय त्यावर ठरतो. सवलतीसाठी जाणाऱ्या कंपनीला तुम्ही कमी पगारवाढ घेऊन थांबवू शकत नाही. वाढ सोडून दिली तरी ती जाईल, आणि तुमची भरपाई त्या कमी पगारावर मोजली जाईल.

साहेब मात्र बैठकीत बोलून गेले की युनियन आहे म्हणून नेतोय. हे वाक्य सोन्याचं आहे. कामगारांनी संघटित होऊ नये म्हणून बंद करण्याची धमकी देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. राज्याच्या १९७१ च्या, युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथांवरच्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ती आहे आणि केंद्राच्या नव्या संहितेच्या अनुसूचीतही आहे. संहितेनं जे तीन कायदे रद्द केले त्यांत राज्याचा हा कायदा नाही. त्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची, म्हणून त्या बैठकीची तारीख आजच वहीत लिहा. कोण कुठल्या खुर्चीवर होतं, नेमके शब्द काय होते, चहा येण्याआधी बोलले की नंतर, सगळं. मग कंपनीला साध्या भाषेत पत्र द्या: ‘अमुक तारखेच्या बैठकीत आपण असं असं म्हणालात, त्याला आमचा आक्षेप आहे.’ त्याची पोच घ्या. कंपनी उत्तरात नाकारेल किंवा गप्प बसेल. दोन्ही चालतं. नुसती तोंडी ऐकलेली धमकी मात्र सहा महिन्यांनी उलटतपासणीत टिकत नाही.

हेतू का महत्त्वाचा, ते सांगणारं आपल्याकडचं एक जुनं प्रकरण आहे. एक्स्प्रेस न्यूजपेपर्सच्या मद्रासच्या कामगारांशी वाद चालू होता आणि कंपनीनं आंध्र प्रभा या तेलुगू दैनिकाचं प्रकाशन विजयवाड्याला हलवलं. कंपनीचं म्हणणं, आम्ही मद्रासचं काम बंद केलंय, बंद करणं हा आमचा हक्क. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे खरं क्लोजर आहे की क्लोजरच्या नावाखाली लॉकआउट (टाळेबंदी) आहे, हे न्यायाधिकरण तपासू शकतं. कागदावर काय शब्द लिहिलाय त्यावर विषय संपत नाही. तुमचा सगळा जोर या एका खिडकीवर हवा.

अमेरिकेतल्या बोईंग या विमान कंपनीचं प्रकरण यापेक्षाही तुमच्या प्रश्नाच्या जवळ जातं. सिएटल परिसरातल्या मशिनिस्ट युनियननं २००८ मध्ये जवळपास आठ आठवडे संप केला. ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीनं ७८७ विमानाची दुसरी जुळणी लाइन दक्षिण कॅरोलिनात नॉर्थ चार्ल्स्टनला टाकायचं ठरवलं. तिथल्या कामगारांनी महिनाभर आधीच मतदान करून युनियन सोडली होती. कंपनीचे अधिकारी वर्तमानपत्राशी बोलताना वारंवारच्या संपांचं कारण देऊन बसले. तेच शब्द धरून तिथल्या कामगार संबंध मंडळाच्या मुख्य वकिलानं एप्रिल २०११ मध्ये तक्रार दाखल केली की हा संपाचा सूड आहे. देशभर गदारोळ झाला, पण निकाल लागलाच नाही. डिसेंबर २०११ मध्ये युनियन आणि कंपनीत करार झाला, ७३७ मॅक्स हे विमान सिएटलजवळच्या रेंटनच्या, युनियन असलेल्या कारखान्यातच बनेल असं ठरलं, आणि तक्रार मागे घेतली गेली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ७८७ ची सगळी जुळणी दक्षिण कॅरोलिनात एकवटणार. दावा हे युनियनचं वाटाघाटीतलं वजन होतं, आणि त्या वजनावर जे मिळालं ते ज्या विमानाचं नाव करारात होतं त्याच्यापुरतं मिळालं. म्हणून मी म्हणते, करारात ‘कंपनी रबाळ्यातला रोजगार टिकवण्याचा प्रयत्न करेल’ असलं वाक्य घेऊ नका. त्याला कोर्टात काडीची किंमत नाही. पार्ट नंबर लिहून घ्या. कुठला भाग, महिन्याला किती नग, कुठल्या तारखेपर्यंत रबाळ्यात बनणार, आणि त्याच्या खाली गेलं तर प्रत्येक माणसामागे कंपनी किती देणार.

आता शॉप फ्लोअरवर काय पाहायचं ते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कंपनी म्हणत होती की काही हलत नाहीये. पण टूल रूममधल्या एका टर्नरच्या लक्षात आलं की डाय (प्रेसमध्ये बसवायचे साचे) ठेवायच्या रॅकवर धुळीत चौकोन उमटलेत. तिथे डाय होत्या, आता नाहीत. त्यांनी सिक्युरिटीकडच्या ओळखीच्या माणसाला गेटपासच्या वहीबद्दल विचारलं. बारा डाय ‘दुरुस्तीसाठी’ गेल्या होत्या. परत येणाऱ्या मालाचा पास वेगळा असतो, न येणाऱ्याचा वेगळा. त्या बाराही न येणाऱ्या पासावर गेल्या होत्या. दुरुस्तीला गेलेली डाय परत येणार नाही, हे कंपनीला आधीच ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात दोन प्रेसच्या पायातले फाउंडेशन बोल्ट कापलेले दिसले. त्या दिवशी आम्ही तक्रार आणि अंतरिम अर्ज दोन्ही दाखल केले. औद्योगिक न्यायालयानं कोर्ट कमिशनर पाठवून मशिनींची यादी करवली आणि पुढच्या तारखेपर्यंत यादीतलं काही बाहेर जाऊ नये असा आदेश दिला. त्या आदेशामुळे कारखाना वाचला असं मी म्हणणार नाही. पण कंपनी त्या महिन्यात बोलणीच्या टेबलावर बसली आणि सुरुवातीला ज्या रकमेवर ती अडून होती तिच्या दुपटीहून जास्त प्रत्येकाच्या हाती पडलं. एका टर्नरनं धूळ पाहिली म्हणून.

म्हणून तुमच्या कमिटीतल्या दोन माणसांना आजपासून एवढंच काम द्या. मशिनींची यादी, नंबरासकट, फोटोसकट. डाय आणि फिक्सचर मोजा. रात्रपाळीत ट्रेलर आला तर गाडीचा नंबर आणि वेळ. नव्या प्लांटवर ट्रेनिंग द्यायला कोण गेलं, किती दिवस. तयार मालाच्या गोदामात उंची वाढतेय का. शेवटच्या मुद्द्यावर संपाचं गणित अवलंबून आहे, त्याकडे येते.

संप करावा का? या महिन्यात करू नका. कंपनीनं ओव्हरटाइम लावून साठा केला असेल आणि तिकडची पहिली लाइन चालू झाली असेल, तर संप तिला हवाच असतो. तुम्ही बाहेर, माल तिकडून, आणि मशिनी उचलायला शेड रिकामी. शिवाय संहितेनं संपाला १४ दिवसांची नोटीस सक्तीची केलीय, समेटाची (सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीची) कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. ‘सगळे आजारी पडू’ हा जुना मार्ग आता तुम्हालाच अडकवेल. बेकायदा संपाचा शिक्का बसला की हेतूचं सगळं प्रकरण उलटं फिरतं. कंपनीचा वकील उभा राहून म्हणतो, पाहा साहेब, म्हणूनच आम्ही जातोय.

त्यापेक्षा मागणीपत्राचा वाद समेट अधिकाऱ्याकडे नेऊन तो रीतसर दाखल करून घ्या. ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात खेटे घालावे लागतील, तारखा पडतील, कंटाळा येईल. पण कारवाई चालू असेपर्यंत वादाशी संबंधित शर्ती कंपनीला तुमच्या तोट्यात बदलता येत नाहीत. हा तुमचा बंधारा आहे. मागणीपत्रात ‘उत्पादन स्थलांतर आणि रोजगाराची हमी’ हे कलम नसेल तर पुरवणी मागणीपत्र आताच द्या, कारण जे मागितलंच नाही ते वादात येत नाही. कारखान्यात दोन युनियन असतील तर आधी त्यांच्यातलं भांडण मिटवा. संहितेप्रमाणे ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलणी करते. तेवढे नसतील तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून परिषद होते. ४८ टक्के आणि ३० टक्के घेऊन एकमेकांविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या युनियन मी पाहिल्यात. तोवर मशिनी वापी ओलांडून गेल्या होत्या.

गावातल्या लोकांना विसरू नका. रबाळे, गोठिवली, घणसोली, तळवलीच्या आगरी-कोळी घरांनी या पट्ट्यासाठी जमिनी दिल्या त्या उद्योग येतील, रोजगार येईल म्हणून. खोल्यांचं भाडं, खानावळ, गाड्या, ठेके, त्यांचं अर्धं अर्थकारण तुमच्या तिन्ही पाळ्यांवर उभं आहे. कारखाना जाऊन प्लॉटवर दुसरं काही येणार असेल तर त्यांचाही प्रश्न तोच आहे. नगरसेवकाकडे एकटी युनियन गेली की फोटो निघतो. गाव बरोबर आलं तर पत्र निघतं. बंद कारखान्याची जमीन निवासी वा व्यापारी वापराला द्यायची वेळ येते तेव्हा कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. त्या टप्प्यावर तुमची देणी नोंदीत दिसली पाहिजेत. पैसे घेऊन गावी गेलेली माणसं तेव्हा हजर नसतात. म्हणून लेखी दावा आधीच दाखल असू द्या.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीच्या कमिटीबरोबर मी नव्या प्लांटला गेले होते. सिल्वासाच्या बाजूला, गेटसमोर चहाची टपरी. आमच्यातले काही जण चिडलेले होते, ‘आमच्या पोटावर पाय देणारे’ कोण आहेत ते बघायला आले होते. पाळी सुटली आणि बाहेर आली ती विशी-पंचविशीतली पोरं, जव्हार-मोखाड्याकडची, वारली बोलणारी. एकाच्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. बोलता बोलता त्यानं मोबाइलवर आपल्या प्रेसचा फोटो दाखवला. आमच्याबरोबर ठाण्याचे एक ऑपरेटर होते, ५४ वर्षांचे. त्यांनी फोन हातात घेतला, मोठा करून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रेसच्या अंगावर, गार्डच्या वर, हळदकुंकवाची पाच बोटं होती. खंडेनवमीला त्यांनीच ओढलेली, ठाण्यात. तेलकट झाली होती पण पुसली नव्हती. त्यांनी पोराला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता. ‘याचा साइड गार्ड कुठाय?’ ठाण्यात तो बसवून घ्यायला युनियननं दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. तिकडे नेताना काढला होता, उत्पादन वाढावं म्हणून.

त्या दिवसानंतर मी कुठल्याही कमिटीला ‘तिकडचे’ हा शब्द सहज वापरू देत नाही. युनियन नसलेला प्रदेश हा काही त्या मातीचा गुण नसतो. तिथे अजून कोणी गेलेलं नसतं, एवढंच. साणंदच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात २०१६ मध्ये निलंबनाच्या विरोधात काम बंद झालं. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संप केला, पगाराबरोबर युनियनच्या मान्यतेसाठी, आणि पुढच्या जानेवारीत त्यांच्या युनियनची नोंदणी झाली. तुमच्या नव्या प्लांटमध्येही दोन-चार वर्षांत हाच प्रश्न उभा राहील. तेव्हा कंपनीकडे तिसरं गाव तयार असेल.

म्हणून तुमच्या युनियननं आतापासून दोन-तीन माणसं तिकडे पाठवावीत. पत्रकं वाटायला नको, ओळख करायला. तिथला रोज किती, ओव्हरटाइम दुप्पट मिळतो का, पीएफ कापला जातो का, हे विचारायला. तिकडचा खर्च जितका खरा होईल तितका इकडचा माणूस ‘महाग’ दिसायचा थांबेल. हे दहा वर्षांचं काम आहे हे मला माहीत आहे. पण बाकी सगळं मी वर लिहिलं ते वेळ विकत घेणं आहे, आणि विकत घेतलेल्या वेळात हेच करायचं असतं.

बोलणीत काय मागावं, थोडक्यात. आधी कामाची हमी, वर लिहिली तशी. मग, जे जाणारच असेल त्यासाठी टप्पे: कुठली मशीन कुठल्या तिमाहीत. रिकाम्या होणाऱ्या माणसांना उरलेल्या विभागांत प्रशिक्षण आणि पगाराचं संरक्षण. नवी भरती निघाली तर आधी यांना बोलावणं. आणि व्हीआरएस (पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती) आली तर ती खरंच ऐच्छिक हवी. वर्षामागे किती, उरलेल्या वर्षांमागे किती, मेडिक्लेम किती काळ, हे सगळ्यांसमोर एका कागदावर. एकेकाला केबिनमध्ये बोलावून सही घेतली जाऊ लागली की समजा बोलणी संपली. त्या दिवशी गेट मीटिंग घ्या आणि ठराव करा की कोणी एकटं आत जाणार नाही. व्हीआरएसवर एकदा स्वेच्छेनं सही झाली की ती नंतर कोर्टात उलटवणं फार अवघड असतं. अशी प्रकरणं मी घेते, पण त्या माणसांच्या डोळ्यांत बघून आशा देता येत नाही.

आता तुमच्या बदलीबद्दल. घरी जाऊन २२ वर्षांपूर्वीचं नेमणुकीचं पत्र काढा. त्यात ‘भारतात कुठेही, सध्याच्या किंवा भविष्यातल्या कुठल्याही युनिटमध्ये बदली’ असं कलम आहे का ते पाहा. कंपनीच्या प्रमाणित स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या मंजूर नियमांतही पाहा, त्याची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. असं कलम नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. कुंदन शुगर मिल्सच्या प्रकरणात मालकानं अमरोह्याच्या कामगारांना नंतर घेतलेल्या बुलंदशहरच्या कारखान्यात पाठवलं. ते गेले नाहीत म्हणून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये ठरवलं की नोकरीच्या शर्तीत नसताना नंतर निघालेल्या दुसऱ्या कारखान्यात बदली करण्याचा मालकाला आपोआप हक्क नाही. कलम असेल तर मुद्दा हेतूचा राहतो: धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूनं केलेली बदली हीही अनुचित प्रथाच आहे. फक्त कमिटीतल्या आणि पुढं बोलणाऱ्या माणसांचीच बदली निघाली, तर ती यादीच पुरावा असते.

पत्र मिळालं तर ते नाकारू नका. नाकारलं की ते दरवाजाला चिकटवतात, पेपरात छापतात आणि तुम्ही हजर झाला नाहीत म्हणून चौकशी लावतात. घ्या, सही करा, सहीखाली ‘हरकत राखून’ असं लिहा. त्याच दिवशी लेखी उत्तर द्या की ही बदली माझ्या शर्तींत नाही, मी रबाळ्यात कामावर हजर आहे आणि काम करायला तयार आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पाळीला गेटवर जा. आत घेतलं नाही तर तिथूनच व्हॉट्सअॅपवर एचआरला आणि युनियनला कळवा, म्हणजे वेळ नोंदली जाईल. तक्रार आणि स्थगितीचा अर्ज पत्रावरची रुजू व्हायची तारीख उलटायच्या आधी दाखल झाला पाहिजे. ती तारीख बहुतेक वेळा सात दिवसांची असते आणि पत्र मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी देतात. म्हणून नेमणुकीचं पत्र, शेवटच्या तीन करारांच्या प्रती आणि सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एका फाइलीत लावून या आठवड्यातच वकिलाकडे ठेवून द्या, आणि पत्र हाती घ्याल तेव्हा त्यावर तारीख आणि वेळ स्वतःच्या अक्षरात लिहा.